निळीच्या पाण्याची फळी

पडदा वर जातो तेव्हा समोर अमरावतीच्या बडनेरा रोडवरची एक टिनाची शेड दिसते. पौषातली सकाळ, साडेसातची. डावीकडे कडुलिंब, त्याच्या फांदीला जुन्या ट्यूबा लटकलेल्या. उजवीकडे वेल्डिंगची टाकी आणि तिच्यावर वाळत घातलेला पंचा. मागच्या भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली फडक्यात गुंडाळलेली एक पेटी. वाजवायची पेटी, हार्मोनियम. मध्यभागी लाल रंगाची, पंधरा वर्षं वयाची छोटी मोटार बॉनेट उघडून उभी. तिच्यासमोर लाकडी बाक, बाकावर वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्रावर तीन वस्तू.

पहिली, कागदाच्या बारीक घड्या घातलेली चौकोनी चौकट. दुसरी तशीच चौकट, पण कागदाऐवजी तेल लावलेल्या सुती जाळीची, तांबूस. तिसरी गोल, निमुळती, चकचकीत टोपीची, लग्नातल्या रोषणाईसारखी. तिन्हींचं काम एकच. इंजिन श्वास घेतं तेव्हा हवा आत सोडायची आणि धूळ बाहेर अडवायची. या तिघींतून एक निवडायची होती, आणि हे सगळं नाटक तेवढ्यासाठीच झालं.

आता मोतीरामाचा प्रवेश. वय सहासष्ट. अंगात बाह्या दुमडलेला खाकी शर्ट, चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. चालताना तो किंचित उजवीकडे झुकतो, कारण आयुष्यभर त्यानं उजवा कान यंत्रांना दिला आणि डावं अंग मागे राहिलं. तो आला, तिन्ही वस्तूंकडे पाहिलं, आणि चहाचा कप त्यांच्याच रांगेत ठेवला. मी बाकाच्या टोकाला बसलो होतो. म्हणाला, "राजे, यातलं कोनतंच मले पसंत नाई, चहा सोडून."

मला तो राजे म्हणतो, कारण मी राजे करायचो. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आमची एक नाटक मंडळी होती. हंगामात जत्रा धरायची, तंबू ठोकायचा, तीन तास लोकांना रडवायचं आणि सकाळी ट्रकवर झोपून पुढच्या गावाला जायचं. मोतीराम अकोल्याच्या एका जिनिंगमधल्या मजुराचा मुलगा. आमच्याकडे जनरेटर सांभाळायला आला आणि दोन महिन्यांत पेटीचा वैद्य झाला. पेटीचा भाता कुठे गळतो हे तो गाल लावून सांगायचा. पुढे त्यानं एक फळी तयार केली. लाकडाच्या फळीवर वळवून बसवलेली काचेची नळी आणि तिच्यात कपड्यांच्या निळीचं पाणी. भाता दाबला की निळं पाणी चढायचं. किती बोटं चढलं आणि किती वेळ टिकलं, त्यावरून भात्याची तब्येत कळायची. आमचे पेटीवाले बुवा त्या फळीला नमस्कार करून गायला बसत.

मंडळी बुडाली. मी शाळेत नोकरी धरली, मोतीरामानं पाना हाती घेतला. मी विचारलं होतं, "अरे, सुरातला माणूस तू, ग्रीसमध्ये कुठे चाललास?" तर म्हणाला, "मोटार म्हंजे पेटीच हाय, राजे. हवा खाते अन् बोंबलते."

त्याच्या शेडमध्ये रिक्षा येतात, टेम्पो येतात, शाळेच्या व्हॅन येतात. क्लच, ब्रेक, पंक्चर. पण एक गाडी अशी आहे की तिच्यासाठी तो पहाटे उठतो. ती ही लाल. मालक अंकुर, अंजनगाव सुर्जीचा. वडिलांबरोबर बियाण्यांचं दुकान चालवतो आणि उरलेला सगळा जीव या गाडीत ठेवतो. तिला टर्बो, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, बसवलेला आहे, इंजिन मोतीरामानं हातानं बांधलेलं आहे. अकोल्याजवळ एक बंद पडलेली सूतगिरणी आहे. तिच्या आवारातल्या डांबरी पट्ट्यावर दर वर्षी संक्रांतीनंतरच्या रविवारी हौशी लोक शर्यत भरवतात. एका वेळी एकच गाडी, वळणावळणाचा रस्ता, आणि घड्याळाशी झुंज.

गेल्या वर्षी ही लाल गाडी शेवटच्या वळणावर दोनदा ठसकली आणि थांबली. लोक टाळ्या वाजवायला उभे होते, ते तसेच बसले. अशा वेळी नटाला कसं वाटतं ते मला ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी मोतीरामाला कारण सापडलं. त्यानं सुती जाळीच्या फिल्टरला तेल लावलं होतं. ते लावावंच लागतं, तेलावरच धूळ चिकटते. पण त्यानं चार थेंबांच्या जागी अर्धी बाटली ओतली. इंजिन जोरात श्वास घेऊ लागलं तसं ते तेल उडालं आणि आतल्या केसाएवढ्या तारेवर जाऊन बसलं. ती तार हवा मोजते. ती आंधळी झाली, इंजिनाचा हिशेब चुकला आणि ठसका लागला. मोतीरामानं तार पुसली, गाडी ठणठणीत झाली. अंकुरनं विचारलं, "काय झालतं काका?" आणि मोतीराम, ज्यानं मला वाटतं आयुष्यात तोवर खोटं बोलायचा सरावही केला नव्हता, म्हणाला, "पेट्रोलात पानी होतं."

हे त्यानं मला दिवाळीत कडुलिंबाखाली सांगितलं. अंकुरनं पेट्रोल भरलं होतं किशोरच्या पंपावर. किशोर त्याचा शाळेतला दोस्त. त्यावरून दोघांचं भांडण झालं आणि बोलणं बंद.

"मग सांगून टाक की त्याला," मी म्हणालो.

"सांगतलं का गाडी गेली," मोतीराम म्हणाला. "अकोल्याचा तो ललित मेकॅनिक वाटच पाहून राहिला. त्याच्या दुकानात मोठा आरसा हाय, एसी हाय. पोरगं तिकडं गेलं का मंग माह्यापाशी रिक्षाच राहिल्या."

तर असा तो पेच. आणि आता अंकुरला यंदाच्या शर्यतीसाठी फिल्टर निवडायचा होता, म्हणजे पुन्हा त्याच दुखऱ्या जागेवर बोट.

आठ वाजता अंकुर आला. त्या चकचकीत शंकूवर हात फिरवत म्हणाला, "काका, हेच लावू. ललित म्हनते का यानं इंजिनाची ताकद आठ घोडे वाढते."

"आठ घोडे वाढते? मंग त्याईच्या चाऱ्याचं काय मनते ललित?"

"मजाक नका करू ना काका. आवाज तं आयका याचा एकदा." त्यानं मोबाइल काढून एक व्हिडिओ लावला. अशी गर्जना निघाली की कडुलिंबावरचे कावळे उडाले. माझे तर डोळेच पाणावले. मी म्हणालो, "मोतीराम, हेच लाव. प्रवेश असा व्हावा की मागच्या रांगेतल्या माणसानं भजं तोंडात धरून थांबावं."

"राजे, तुमाले एंट्री पायजे. मले इंजिन घरी आनायचं हाय." मग अंकुरकडे वळून म्हणाला, "मले शुक्रवारलोक टाइम दे. तिन्ही पाहातो. मंग सांगतो."

"पाहासान कसं? मोजाची मशीन तं ललितपाशी हाय."

मोतीरामानं तसबिरीखालची पेटी बाजूला केली आणि तिच्यामागून फळी काढली. तीच. काच पिवळी पडलेली, पण नळी शाबूत. अंकुर हसला. "हे काय हाय बाप्पा, थर्मामीटर?"

"तुह्या जन्माच्या आंधीचं हाय. हसू नोको."

युक्ती साधी होती. फिल्टरच्या पलीकडे, जिथून हवा इंजिनाकडे जाते तिथे, एक बारीक रबरी नळी लावायची आणि ती गाडीत आणून फळीला जोडायची. इंजिनाला हवा ओढायला जितका जोर लागेल तितकं निळं पाणी चढेल. पाणी कमी चढलं म्हणजे श्वास मोकळा. आणि धूळ आत जाते का हे पाहायला त्याच वाटेवर आतून व्हॅसलीनचा पातळ हात फिरवायचा. फेरी झाली की पांढऱ्या फडक्यानं पुसायचं. फडकं काय बोलेल ते खरं.

मोतीरामाची बायको मनकर्णा फडकं द्यायला बाहेर आली, तिनं डबी ओळखली. "घरात मानसाच्या टाचा फुटून राहिल्या, अन् व्हॅसलीन मोटारीले! भाऊजी, तुमी तरी सांगा यायले."

"वहिनी, मी फक्त फळी धरणार आहे."

"धरा. जवानीत तलवार धरली, आता फळी धरा."

सोमवारी कागदाचा फिल्टर. अमरावतीहून निघायचं, बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, आणि अकोल्याच्या अलीकडे जिनिंगच्या आवाराला एक वळसा घालून परत. कापसाचा हंगाम. आवाराबाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि हवेत कापसाचे तंतू असे तरंगत होते की जणू कुणी म्हातारा देव दाढी करत बसलाय. रस्ता मोकळा दिसला की मोतीराम तिसऱ्या गिअरमध्ये गाडी पिळायचा आणि ओरडायचा, "वाचा!"

"आठ बोटंऽऽ!" मी म्हणालो.

"हळू सांगा, राजे. मी बाजूलेच बसलो हाव. अन् फळी सरळ धरा, भाला नोय ते."

"आठ बोटं," मी खालच्या पट्टीत म्हणालो.

शेडमध्ये येऊन फडकं फिरवलं. धुतल्यासारखं पांढरं.

मंगळवारी सुती जाळी, या वेळी मोजून चार थेंब तेल लावून. साडेसात बोटं. फडक्यावर पुसट करडी रेघ. बुधवारी शंकू. तो बसवायला फिल्टरची काळी पेटी अख्खी काढावी लागली, कारण तो उघड्यावरच बसतो, इंजिनाच्या शेजारी. काय तो आवाज! मूर्तिजापूरच्या नाक्यावर एक बैल बिथरला आणि मालकानं आम्हाला अशा काही शिव्या दिल्या की त्यातल्या दोन मी लिहून ठेवल्या. आणि निळं पाणी फक्त दोन बोटं.

"जिंकलं!" मी म्हणालो.

"फडकं राहिलं हाय, राजे."

फडकं निघालं ते काळं. काळ्या मातीची बारीक भुकटी आणि तिच्यात कापसाचे चार तंतू, मिशीत अडकलेल्या भातासारखे. मोतीरामानं बोटानं ती भुकटी चोळली. "हे रेगडीची माती हाय. इंजिनात गेली का पॉलिश कागदावानी घासते. एका शर्यतीत नाई समजनार. चार महिन्यानं धूर निघन, तवा समजन."

पण त्याचा चेहरा खुलला नव्हता. कागद आठ, जाळी साडेसात, शंकू दोन. तो बाकावर बसला आणि त्या तीन आकड्यांकडे बघत राहिला. "राजे, जाळी अन् कागद जवळपास सारखेच कसे? जाळीतून तं पलीकडचं दिसते. तिचा श्वास इतका कसा जड?"

"फळी म्हातारी झाली असेल."

"फळी नाई. मीच काईतरी उलटं वाचून राहिलो."

गुरुवारी तो मला न सांगता पहाटे माझ्या दारात उभा. आज तिन्ही फिल्टर शेडमध्येच होते. काळी पेटी जागेवर, आत काहीच नाही, रिकामी. हे करताना त्याला असं वाटत होतं की लेकराला अनवाणी बाहेर पाठवतोय. बडनेऱ्याच्या पुढे दवानं धूळ दबली होती. तिथे अर्धा किलोमीटर, एकदाच. "वाचा."

मी वाचलं. पुन्हा वाचलं. "सात."

"नीट पाहा."

"सात बोटं, मोतीराम. आईशप्पथ."

त्यानं गाडी कडेला घेतली. धूळ अडवणारा पडदाच नाही तरी सात बोटं! त्यानं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, "राजे, कौंडण्यपूरची गोष्ट सांगा."

ती गोष्ट मी शंभरदा सांगितली आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात, सत्कारात, दोन बारशांतसुद्धा. कार्तिकातली यात्रा, वर्धा नदीचा काठ, हजारो पायांनी उडवलेली धूळ. तंबूत पहिला अंक चालू, आणि मी सिंहासनावरून बोलायला तोंड उघडलं तर घशात माती. प्रेक्षक खोकताहेत, पेटी सुरात राहत नाही. तेवढ्यात वीस वर्षांच्या मोतीरामानं नदीतून चादरी भिजवून आणल्या आणि तंबूभर टांगल्या. ओल्या चादरींनी धूळ गिळली. माझा आवाज मोकळा झाला. जितक्या जास्त चादरी तितकी जास्त शुद्ध हवा! इथे लोक टाळ्या वाजवतात.

मी ती तशीच, हातवाऱ्यांसकट सांगितली. मोतीराम ऐकत होता. मग सावकाश म्हणाला, "तसं झालंच नवतं, राजे."

"काय नव्हतं झालं?"

"चादरी टांगल्या, धूळ थांबली, खरं हाय. पन मंग सारेच गुदमरले. तुमी घामानं निथळून राहिले होते. एक बाई चक्कर येऊन पडली. मले वाटलं चादरी लय झाल्या, म्या दोन काहाडल्या. काईच फरक नाई. मंग मांगं जाऊन पाह्यलं तं कनात खालपासून वरलोक दोरीनं करकचून बांधलेली. हवा आत येयाले दारच नवतं. म्या कनात सोडली. नदीवरचं वारं आलं, चादरीतून गाळून. तवा तुमचा आवाज निंघाला."

मी आठवू लागलो, आणि खरंच, मानेवर आलेली ती थंड झुळूक मला आठवली. चाळीस वर्षं ती मी गोष्टीतून गाळून टाकली होती, कारण दोरी सोडण्यात नाट्य नाही. चादरीत आहे.

"मग तू इतकी वर्षं बोलला कसा नाहीस?"

"तुमी इतकं चांगलं सांगत होते. आयकून आयकून मले बी तेच खरं वाटाले लागलं. जितकं ओलं तितकं बरं. मनूनच तं गेल्या वर्षी अर्धी बाटली ओतली."

असं आहे बघा. मी टाळ्यांसाठी एक दोरी कापली आणि ती चाळीस वर्षांनी एका इंजिनाच्या घशात अडकली. मी म्हणालो, "म्हणजे तो ठसका माझा."

"तुमचा काहून? बाटली माह्या हातात होती." तो गाडीतून उतरला, बॉनेट उघडलं आणि काळ्या पेटीच्या तोंडाशी बोट नेलं. हवा आत येण्याची वाट तिथे जेमतेम दोन बोटांची होती, पुढे कोपऱ्यात दुमडलेली. साध्या गाडीला ती पुरते. टर्बोवाल्या गाडीला ती बांधलेली कनात होती. मोतीराम हसला. त्या आठवड्यातलं पहिलं हसू. "पडद्याचं भांडन लावून बसलो, अन् बंद तं दरवाजा हाय."

तिथून पुढे सूर्यभान कूलरवाल्याचं काम. हिवाळ्यात कूलर कोण मागतो, तो रिकामाच होता. मोतीरामानं कागदावर आकृती काढली आणि त्यानं तासाभरात टिनाचं रुंद तोंड वळवून दिलं. एक टोक गाडीच्या पुढच्या जाळीपाशी, जिथे थंड वारं लागतं, आणि दुसरं पेटीत. पेटीच्या आत कंपनीचा साधा कागदी फिल्टर, नवा कोरा. शुक्रवारी दुपारी पुन्हा जिनिंगचा वळसा घातला. पाणी तीन बोटं. फडकं पांढरं.

चार वाजता अंकुर गाडी न्यायला आला. निळ्या पाण्याचे आकडे त्याला दाखवले, टिनाचं तोंड दाखवलं. पोरगं हुशार, लगेच समजलं. खूशही झालं. पण बाकावरच्या सुती जाळीकडे त्याचं लक्ष गेलं.

"मंग काका, या नव्या तोंडासंग हे जाळीवालं कावून नाई? अर्धं बोट आनखी कमी होईन. गेल्या वर्षी तं हेच होतं, चांगलं चालत होतं. त्या किशोरच्या पान्यानं घात केला, नाई तं..."

शेडमध्ये शांतता पसरली. मला नाटकातली शांतता कळते. ही ती होती, जिच्यात पुढचं वाक्य कुणाचं आहे हे सगळ्यांना माहीत असतं. मनकर्णा चहा घेऊन दारात थांबली. तिलाही माहीत होतं. मी उठलो आणि म्हणालो, "अंकुर, त्याचं असं आहे की मी एक गोष्ट..."

"राजे, तुमी बसा," मोतीराम म्हणाला. "हा प्रवेश माहा हाय."

मी बसलो.

"अंकुर, पेट्रोलात पानी नवतं. या जाळीले तेल म्या जास्त ओतलं. ते उडून तारीवर बसलं अन् गाडी ठसकली. मले दुसऱ्याच दिवशी समजलं. तुले खोटं सांगतलं."

अंकुर बाकापासून मागे सरला. "अन् किशोर?"

"त्याचा काईच दोष नाई."

"काका, मी त्याच्या लग्नाले नाई गेलो." आवाज चढलेला नव्हता, ते जास्त वाईट होतं. "शेजारच्या गल्लीत मांडव होता. घरात बसून बँड आयकला."

मोतीरामानं सबब सांगितली नाही. माफ कर असंही म्हणाला नाही. नुसता उभा राहिला, हात खाली सोडून. मी इतके राजे केले, पण हरल्यावर इतकं सरळ उभं राहणं मला कधी जमलं नाही. मी कुठल्या तरी खांबाचा आधार घ्यायचोच.

"चाबी द्या," अंकुर म्हणाला. घेतली, बॉनेट पाडलं, आणि गेला. चहा तसाच राहिला. लाल गाडी कडुलिंबाच्या सावलीतून रस्त्यावर वळली. तिचा आवाज गोड होता, भरलेल्या भात्यासारखा, आणि तो विरेपर्यंत मोतीरामानं उजवा कान तिकडे धरून ठेवला.

मग मनकर्णा म्हणाली, "झालं ना सांगून? आता जेवा पोटभर. वरीसभर नुसतं चिवडत होते ताटात."

शनिवार रिकामा गेला. मोतीरामानं एका रिक्षाचा क्लच बदलला आणि तीनदा हात धुतले. मी दिवसभर त्याच्याकडे बसून होतो. गाडी ललितकडे गेली असेल, तिला शंकू लागला असेल, असं दोघांच्याही मनात होतं. एकदाच तो म्हणाला, "टिनाचं तोंड तरी ठेवा मना त्याले. कोनाच्या बी दुकानात." आणि त्या रात्री, मनकर्णा मला नंतर म्हणाली, तो वर्षभरात पहिल्यांदा घोरला.

रविवारी सकाळी सहाला शेडसमोर हॉर्न वाजला. मी तिथेच मुक्कामाला होतो. बाहेर आलो तर लाल गाडी. अंकुर उतरला, मोतीरामाकडे बघून म्हणाला, "चला. अन् ते तेलाची बाटली घरीच ठेवा."

मोतीराम जागचा हलला नाही. "बॉनेट उघड पयले."

"काई नाई बदललं काका. तुमचंच हाय सारं."

मागच्या सीटवर आणखी कुणी तरी बसलं होतं. गोल चेहरा, मफलर, मांडीवर पेट्रोलचा कॅन. त्यानं काच खाली केली. "काका, मी किशोर. पेट्रोल आनलं घरचं. पानी टाकलं हाय थोडं, चवीपुरतं."

अंकुर आधी हसला. मग मनकर्णा. मोतीरामानं चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि पुन्हा घातला, पण तारेची काडी कानात बसायला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"तुह्या लग्नाचा आहेर राहिला माह्याकडून," तो किशोरला म्हणाला.

"मोटारसायकलचं सर्व्हिसिंग करून द्या, जमलं."

सूतगिरणीच्या आवारात त्या दिवशी अकरा गाड्या होत्या. बहुतेकांना चकचकीत शंकू. एकेक गाडी गर्जत सुटायची आणि मी प्रत्येकीला मनातल्या मनात दाद द्यायचो, जित्याची खोड. जुन्या गोदामांतून कापसाची भुकटी उडत होती. अंकुरची पाळी नववी. लाल गाडी निघाली तेव्हा काही लोक बघायचेच विसरले, इतकी ती शांत होती. मोतीराम दोरीपाशी उभा, डोळे मिटलेले, उजवा कान पुढे. पहिलं वळण. दुसरं. शेवटच्या वळणावर, जिथे गेल्या वर्षी ठसका लागला होता, तिथे त्यानं माझं मनगट धरलं. पकड अशी की तिचे वळ दोन दिवस राहिले.

एका दमात, सलग, गाडी रेषेपलीकडे गेली.

नंबर तिसरा आला. पहिली गाडी नागपूरची होती, तिचा चालक पोरगाच असा तरबेज की त्याच्यापुढे कोणताही फिल्टर काय करणार? अंकुरनं बक्षिसाची ढाल किशोरच्या हातात दिली आणि ते दोघे भजी आणायला गेले, एकमेकांना ढकलत, शाळेतल्यासारखे. जाताना अंकुर मागे वळून ओरडला, "काका, पुढच्या वर्षी पयला आनू!" त्या "आनू"मध्ये काका होते, हे मोतीरामानं नीट ऐकलं.

आम्ही दोघे गाडीपाशी राहिलो. त्यानं बॉनेट उघडलं, पेटीपलीकडची नळी सैल केली, खिशातून मनकर्णाचं फडकं काढलं आणि आत फिरवलं. उन्हात धरून पाहिलं. पांढरं. त्यानं ते चौकोनी घडी करून परत खिशात ठेवलं, घरी दाखवायला.

मी गोदामाच्या पायरीवर बसलो होतो आणि हा प्रवेश कसा लिहायचा याची जुळवाजुळव ओठांनी करत होतो. त्या सवयीचं त्याला ठाऊक आहे. बॉनेट पाडता पाडता तो माझ्याकडे बघून म्हणाला, "राजे, हे लोकाईले सांगसान तं तिसराच नंबर सांगजा. पयला करू नोका."